बंदुकीची पारख

शिकारीसाठी रायफल कोणती घ्यावी, असे कोणी विचारले, की आम्ही उलट विचारतो, "शिकार कशाची?" हा प्रश्न टाळाटाळीचा नाही. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1991 मध्ये शिकारीचे परवानेही बंद झाले आणि हौसेची शिकार या देशातून कायद्याने संपली. तरीही आपल्या बीड जिल्ह्यात बंदुकीचे काम अगदीच उरले नाही, असे नव्हे.

जे उरले आहे ते दोन प्रकारचे. पहिले शेतकऱ्याचे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभा मका आडवा करतो आणि रोही तुरीच्या शेंगा टिकू देत नाहीत. 2015 च्या शासननिर्णयाप्रमाणे पिकांची नासाडी करणारी ही दोन जनावरे वनाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मारता येतात. काळवीट मात्र त्यात नाही; ते पिकात शिरले तरी हाकलणे एवढेच आपल्या हाती असते. दुसरे काम सरकारने नेमलेल्या नेमबाजाचे. नोव्हेंबर 2020 च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा पिंजरे लावले गेले, पथके आली आणि शेवटी 18 डिसेंबरला करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. असा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षक देतात. तोही जनावर पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच.

आता हत्याराकडे वळू. बंदूक आणि रायफल यांतला भेद नळीच्या आत आहे. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून बहुधा छर्रे सुटतात व ते पसरत जातात. बोअर या शब्दाचाही उलगडा केला पाहिजे. 12 बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या 12 गोळ्यांचे वजन मिळून एक पौंड. म्हणून 20 बोअरची नळी 12 बोअरहून बारीक असते. रायफलीचे माप मात्र इंचाच्या अंशात सांगतात. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 रायफल आपल्याकडे परिचित आहे. तिची गोळी सुमारे 8 मिलिमीटर जाडीची असते.

मग शेतकऱ्याने काय घ्यावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे : रायफल नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे आणि ती अपुरी पडत असेल, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. यामागे शहाणपण आहे. छर्ऱ्यांचा जोर काही शे मीटरांत सरतो. रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आपला मुलूख माळरानाचा; गोळी अडवील असे दाट झाड मध्ये क्वचितच. त्यात वीज रात्रीची आली, की कोणी तरी पिकाला पाणी द्यायला गेलेला असतो. उसाच्या फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या असतात आणि त्यांत मुलेबाळे निजलेली असतात. म्हणून निवडीचा पहिला नियम असा, की जनावर किती मोठे आहे हे नंतर बघावे; त्याच्या पाठीमागे काय आहे, हे आधी बघावे. छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी भरली, तर बंदुकीलाही हा नियम तितकाच लागू.

दुसरी गोष्ट अंगाला बसण्याची. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, तोंड निर्धोक दिशेला ठेवून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर आपोआप नळीच्या टोकावरील माशीवर पडली, तर दस्ता आपल्या मापाचा. मान ताणावी किंवा वाकवावी लागली, तर तो आपला नव्हे. अंगरखा जसा दुसऱ्याच्या मापाचा चालत नाही, तसाच दस्ताही.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. बंदूक पुष्कळदा वडिलोपार्जित असते. तिच्याबरोबर परवाना मात्र वारशाने येत नाही, तो आपल्या नावे काढावा लागतो. जुन्या बंदुकीची नळी उघडून उजेडाकडे धरावी. आत गंजाचे खड्डे दिसले किंवा उजेडाची कडी कुठे वाकडी झाली, तर सावध व्हावे. बंद केल्यावर नळी दस्त्याशी घट्ट बसली पाहिजे, खुळखुळता कामा नये. जिम कॉर्बेटची 1907 सालची हकीकत येथे आठवते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीपुढे काडतुसे संपली, तेव्हा त्याने तहसीलदाराची बंदूक घेतली. ती रोखल्यावर त्याला दिसले, की नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट आहे. वीसेक फुटांवरून त्याने जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला! आधीच्या जखमांनी वाघीण पडली, म्हणून तो वाचला. आपण अशा दैवावर विसंबू नये. बंदूक परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी.

चौथी गोष्ट काडतुसाची. जुन्या विलायती बंदुकांपैकी कित्येकांचे घर अडीच इंची काडतुसाचे असते. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसते खरे, पण उडताना दाब वाढतो. 12 बोअरच्या नळीत चुकून 20 बोअरचे काडतूस गेले, तर ते पुढे सरकून अडकते आणि त्यामागे दुसरे उडवले, की नळी फुटते.

शेवटची गोष्ट बंदुकीची नाही, माणसाची आहे. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यात एका सरपंचाची हत्या झाली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली आणि कित्येक परवाने रद्द झाले. वरातीत हवेत बार काढणे हा 2019 पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. रुबाबासाठी बंदूक घेणाऱ्याला वर सांगितलेली एकही कसोटी लागत नाही, कारण त्याला तिचे कामच ठाऊक नसते. ज्याला काम आहे, त्याने ते आधी नीट तपासावे. कुंपणाने, राखणीने, नुकसानभरपाईच्या अर्जाने भागत असेल, तर बंदूक न घेणे हीच उत्तम निवड. भागत नसेल, तर ती घ्यावी. पण चाप ओढण्यापूर्वी पलीकडच्या अंधारात पिकाला पाणी देत आपलाच शेजारी उभा नाही ना, हे बघितल्याशिवाय बोट हलवू नये.