गाडीला काय लावावं, काय लावू नये

आमच्या मुरुममध्ये नवी गाडी घेतली की तिचा पहिला प्रवास ठरलेला असतो. शोरूममधून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला, नाहीतर तुळजापूरला. मग घरी ओवाळणी, नारळ, चाकाखाली लिंबू. आणि दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीजच्या दुकानात. या शेवटच्या ठिकाणी काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे. कारण तिथे घेतलेली एखादी वस्तू गाडीची शोभा वाढवते आणि त्याच वेळी आतल्या माणसांचं संरक्षण कमी करते, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

माझ्या घरी सहा वर्षांपासून अशी एक उंच, पाच जणांची गाडी आहे. आईला सोलापूरला दवाखान्यात न्यायचं, मुलांना उमरग्याला सोडायचं, लग्नसराईत अख्खं घर कोंबून जायचं, अशी सगळी कामं ती करते. या जातीच्या गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे उंची जीपची आणि बांधणी मोटारीची. जुनी सुमो किंवा बोलेरो घ्या. तिच्या खाली लोखंडी चॅसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. क्रॉसओव्हरमध्ये वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचे भाग जोडून जो सांगाडा होतो, तीच चॅसिस आणि तीच बॉडी. धडक बसली की पुढचा भाग ठरवून चुरगळतो, धक्क्याची शक्ती स्वतः पितो आणि माणसं बसतात तो भाग शाबूत ठेवतो. तोंड चेपलं म्हणून पत्रा हलका आहे असं समजू नका. ते चेपण्यासाठीच केलेलं असतं.

पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये बाजारात आली आणि डिसेंबर २०१८ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये ती पहिली. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली. आता ग्राहक दुकानात तारे विचारतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ते तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीला मिळालेले असतात. दुसऱ्या दिवशी आपण तिला जे जोडतो, त्याची चाचणी कुणीच घेतलेली नसते.

पहिली वस्तू बंपरगार्ड. म्हैस आडवी आली, ट्रॉली मागे सरकली तर गाडी वाचेल, म्हणून लोक जाड लोखंडी नळ्यांचा गार्ड लावतात. हा गार्ड थेट सांगाड्याला बोल्टने आवळलेला असतो. त्यामुळे चुरगळायचा भाग नीट चुरगळत नाही आणि धक्का तसाच आत येतो. दुसरं म्हणजे एअरबॅग कधी उघडायची हे पुढचे सेन्सर ठरवतात, तेही सेकंदाच्या काही शतांशात. मूळ बंपर कसा चेपतो याच्या हिशोबावर ते बसवलेले असतात. मध्ये लोखंड आलं की हिशोब बिघडतो. बॅग उशिरा उघडेल किंवा उघडणारच नाही. पायी चालणाऱ्याला आणि दुचाकीवाल्यालाही हे लोखंड जीवघेणं ठरतं. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

दुसरी वस्तू सीट कव्हर. आपल्याकडे धूळ आणि घाम दोन्ही भरपूर, त्यामुळे कव्हर हवंच. पण बऱ्याच नव्या गाड्यांत पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग शिवलेली असते. तिथे ‘एअरबॅग’ असं लिहिलेली छोटी पट्टी दिसते. त्या जागेवर घट्ट रेक्झिन चढवलं तर बॅग अडकते. अशा सीटसाठी त्या बाजूची शिवण उसवेल असं खास कव्हर मिळतं. थोडं महाग पडतं, पण तेच घ्या. डॅशबोर्डवरच्या गणपतीचंही तसंच. डाव्या बाजूला जिथे एअरबॅगचं झाकण आहे, तिथे मूर्ती चिकटवू नये. बॅग उघडली तर मूर्ती समोरच्याच्या तोंडावर येईल. मधल्या सपाट जागेत लहान मूर्ती बसवा, बाप्पा तिथूनही पाहतात.

तिसरी वस्तू आकाराने एवढीशी, पण सगळ्यांत वाईट. बेल्ट न लावता टूं टूं वाजणारा आवाज बंद व्हावा म्हणून खोबणीत अडकवायची क्लिप. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकायला मनाई केली, तेव्हा १३ हजारांवर नोंदी काढून टाकाव्या लागल्या. एवढी ती खपत होती. मागच्या सीटवर तर आपण बेल्ट धरतच नाही. कव्हर शिवताना बेल्टची खोबणी खाली दाबून टाकतो, आजीला पट्टा काचतो म्हणून सोडून देतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. गाडी भारीतली होती, पण बेल्टशिवाय भारी गाडीचाही उपयोग नसतो. ताशी ५० किलोमीटरने आदळणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तीन मजल्यांवरून पडणं. आजीच्या पट्ट्याला मऊ कापडाची घडी शिवा, पण पट्टा लावा.

आता दिवे. विठ्ठलसाई कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात. कित्येकांना मागे दिवा नसतो, लाल पट्टीही नसते. म्हणून आपल्या गाडीचा उजेड वाढवावा असं वाटणं साहजिक आहे. पण ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला तर मूळच्या बारीक वायरमधून जवळजवळ दुप्पट करंट जातो आणि वायर तिपटीहून जास्त तापते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. वायर सोलून टेप गुंडाळून केलेल्या जोडाने गाड्या पेटतात त्या अशाच. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. काच स्वच्छ पुसा, दिव्याची पातळी नीट करून घ्या. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं तोंड वर होतं, तेव्हा ते चाक फिरवून उजेड खाली आणायचा असतो. आणि ट्रॅक्टरवाल्या पाहुण्याला भेट द्यायचीच असेल तर ट्रॉलीला लावायची लाल चकाकणारी पट्टी द्या. आपल्या गाडीच्या सुरक्षेसाठी ही सगळ्यांत स्वस्त ॲक्सेसरी आहे, फक्त ती दुसऱ्याच्या वाहनाला लावायची.

मग लावावं काय? चिखलासाठी मड फ्लॅप. खाली आकड्यात अडकणारी मॅट, पण एकच. मॅटवर मॅट टाकली की ती सरकून ब्रेकच्या पॅडलखाली जाते. रिव्हर्स कॅमेरा, कारण उंच गाडीच्या मागे उभं असलेलं लहान मूल आरशात दिसत नाही. हवा भरायचा छोटा पंप. मूल असेल तर त्याच्या वजनाला साजेशी चाइल्ड सीट. वर कॅरिअर लावायचं असेल तर पुस्तिकेतली वजनाची मर्यादा पाहा. उंच गाडीच्या डोक्यावर पोती लादली की वळणावर ती कलते.

यातून वाचलेले पैसे देखभालीला लावा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, पंधरा दिवसांनी तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. हवा कमी असली की टायर सारखा दुमडतो आणि तापतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हायवेवर फुटतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून जुना टायर गळ्यात पडू नये यासाठी एवढं वाचता यावं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्या पाण्याने हीटरच्या कॉईलवर जो पांढरा क्षार बसतो, तोच इंजिनात बसतो. पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच घाला. पांदीच्या धुळीत गाडी फिरत असेल तर एअर फिल्टर वेळेआधी पाहून घ्या.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साचलेली काजळी स्वतः जाळते, पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. घर, बाजारपेठ, शाळा अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापतच नाही आणि एक दिवस दिवा लागतो. दिवा लागायची वाट न पाहता अधूनमधून येणेगूरला हायवेला लागून उमरग्यापर्यंत एका वेगात जाऊन या. ‘गाळणी काढूनच टाकू’ म्हणणाऱ्या मिस्तरीचं ऐकू नका. तो बदल बेकायदा आहे.

शेवटचं सांगणं एवढंच. गाडीसोबत एक जाड पुस्तिका मिळते आणि ती बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघत नाही. दुकानात जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी घरातल्या शिकत्या मुलाला ती मोठ्याने वाचायला सांगा. कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. याने एअरबॅग किंवा बेल्ट अडतो का? याला मूळ वायर कापावी लागते का? याने वॉरंटी जाते का? तिन्हींचं उत्तर ठामपणे ‘नाही’ असेल तरच पैसे काढा. नसेल तर गाडी आहे तशीच बरी.