गाडीची काच किती काळी?

एखाद्या जुन्या टॅक्सीचालकाचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहा. उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडलेला, जास्त सुरकुतलेला दिसतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि वर्षानुवर्षे खिडकीतून येणारे ऊन त्याच बाजूला पडते. अमेरिकेत गाडीचे चाक डावीकडे असते, म्हणून तिथे हा प्रकार डाव्या बाजूला दिसतो. 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अशाच एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. त्याने 28 वर्षे मालाची ने-आण करणारा ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला शोभेल अशीच होती, पण डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची, जणू दुसऱ्याच कुणा म्हाताऱ्या माणसाची वाटावी अशी.

एप्रिल उजाडला की कार ॲक्सेसरीजच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. ‘डार्क लावू की मीडियम?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात तीन गोष्टी एकत्र असतात: ऊन लागू नये, एसी लवकर गार व्हावा आणि बाहेरच्याला आत काही दिसू नये. या तिन्हींचे उत्तर काळेपणात आहे, असे आपण धरून चालतो. तिसऱ्या गोष्टीपुरते ते खरे आहे. पहिल्या दोन्हींसाठी मात्र काळ्या रंगाचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून फार कमी आहे.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत ढोबळमानाने 5 टक्के अतिनील, 43 ते 45 टक्के दृश्य प्रकाश आणि उरलेली निम्मी अवरक्त किरणांच्या रूपात असते. डोळ्यांना यातला फक्त मधला भाग दिसतो. काच काळी दिसते याचा अर्थ तिने हा मधला भाग अडवला, एवढाच. त्वचेला इजा करणारे अतिनील आणि गाडी तापवण्यात मोठा वाटा असणारे अवरक्त किरण आपल्याला दिसतच नाहीत. ते अडले की आत आले, हे काचेच्या रंगावरून कळत नाही.

अतिनील किरणांचेही दोन प्रकार इथे महत्त्वाचे आहेत. ‘बी’ प्रकारचे किरण त्वचा भाजतात आणि त्यांच्यामुळेच शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. म्हणूनच काच लावून गाडीत तासभर उन्हात बसले तरी ड जीवनसत्त्व मिळत नाही. ‘ए’ प्रकारचे किरण मात्र काचेतून बऱ्यापैकी आत येतात आणि त्वचेत खोलवर जातात. सुरकुत्या, काळे डाग आणि काही प्रमाणात त्वचेचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध आहे.

गाडीच्या सगळ्या काचा सारख्या नसतात, हे फारसे कुणी सांगत नाही. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून केलेली असते. अपघातात ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहावेत हा त्याचा हेतू. पण तोच पापुद्रा ‘ए’ किरणही अडवतो. बाजूच्या काचा बहुधा एकाच थराच्या, उष्णता देऊन कडक केलेल्या असतात. त्यांच्यात हा पापुद्रा नसतो. 2016 साली ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’मध्ये अमेरिकेतल्या 29 मोटारींची मोजणी प्रसिद्ध झाली. समोरच्या काचांनी सरासरी 96 टक्के ‘ए’ किरण अडवले. चालकाच्या बाजूच्या काचांची सरासरी 71 टक्के भरली आणि फरक तर 44 पासून 96 टक्क्यांपर्यंत होता. म्हणजे गाडी कोणती यावर बरेच काही अवलंबून. आपल्याकडेही आता अनेक गाड्यांना ‘यूव्ही कट’ काच कारखान्यातूनच येते. फिल्मचा विचार करण्याआधी आपल्या गाडीचे माहितीपुस्तक उघडून पाहावे. पुष्कळदा ज्या कामासाठी आपण पैसे मोजायला निघतो ते काम आधीच झालेले असते.

अतिनील किरण अडवायला काळा रंग लागत नाही. जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली फिल्म हे किरण 99 टक्क्यांपर्यंत अडवू शकते. उलट स्वस्तातली काळीकुट्ट फिल्म वर्ष-दोन वर्षांत जांभळट पडते आणि तिला फोड येतात. जांभळा रंग दिसला की तिच्यातला रंग उडाला असे समजावे.

आता उष्णता. दुकानात एक प्रयोग हमखास दाखवतात. लाल दिव्यासमोर साधी काच धरतात आणि हात पुढे करायला सांगतात. चटका बसतो. मग फिल्म लावलेली काच धरतात आणि हाताला काहीच जाणवत नाही. गिऱ्हाईक खूश. पण तो दिवा प्रामुख्याने अवरक्त किरणच टाकतो, सूर्य तसा नाही. फिल्मच्या पाकिटावर ‘97 टक्के आयआर रिजेक्शन’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, तेही बऱ्याचदा अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यातच मोजलेले असते. विचारायला हवा तो आकडा वेगळाच आहे: सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती अडते? दुकानदार त्याला ‘टीएसईआर’ म्हणतात. तो आकडा साहजिकच कमी असतो, म्हणून लहान अक्षरांत असतो.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजावण्यापुरतेच घेतले आहेत. सूर्याची ऊर्जा 100 भाग धरा: 5 अतिनील, 45 दृश्य, 50 अवरक्त. काळी रंगीत फिल्म 80 टक्के दृश्य प्रकाश अडवते, पण अवरक्त फक्त 20 टक्के. अडले 36 आणि 10, अतिनीलचे 5 मिळवून 51 भाग. सिरॅमिक प्रकारची फिकट फिल्म दृश्य प्रकाश 30 टक्केच अडवते, पण अवरक्त 90 टक्के. अडले साडेतेरा आणि 45, वर 5, म्हणजे साडेत्रेसष्ट. फिकट फिल्मने जास्त ऊन थोपवले आणि बाहेरचे दिसणेही फारसे कमी केले नाही. शिवाय काळी फिल्म जी ऊर्जा शोषते ती कुठे नाहीशी होत नाही. काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतल्या माणसाकडेच फेकते. दुपारी उभ्या गाडीच्या काळ्या काचेला आतून हात लावून पाहिला की हे कळते.

धातूचा थर असलेल्या फिल्म्स उष्णता परतवतात खऱ्या, पण समोरच्या काचेवर लावल्या तर फास्टॅग वाचला जाण्यात आणि जीपीएसमध्ये अडथळा येऊ शकतो. टोलनाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसायचे, हा त्यावरचा अधिभार.

कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100 सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. हीच ती ‘व्हीएलटी’. गाड्यांच्या काळ्या काचांआड होणाऱ्या गुन्ह्यांचा प्रश्न अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला. 27 एप्रिल 2012 रोजी न्यायालयाने काचेवर नंतर चिकटवलेल्या सर्वच फिल्म्सना मनाई केली, मग पारदर्शकता कितीही असो. 4 मे 2012 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि चौकाचौकांत पोलिसांनी फिल्म सोलून काढल्या, हे अनेकांना आठवत असेल. कारखान्यातूनच नियमाच्या मर्यादेत रंगवलेली काच मात्र चालत होती. पुढे नियमात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून प्लास्टिकचा थर असलेल्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली. त्याच आधारावर सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही, असा निकाल दिला. तो निकाल केरळचा आहे. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदाराशी त्याच्या जोरावर वाद घालण्याची हौस असेल त्याने घालावा. फिल्मची पावती आणि पारदर्शकतेचे प्रमाणपत्र मात्र गाडीत हवेच.

इथेच एक साधा गुणाकार बहुतेकांकडून राहतो. नियमातले टक्के काच आणि फिल्म मिळून आहेत. गाडीची मूळ काचही सगळा प्रकाश सोडत नाही. ती 75 टक्के सोडते असे धरले आणि तिच्यावर ‘50 टक्के’ची फिल्म लावली, तर आत येतो साडेसदतीस टक्के. नियम मोडला, आणि दुकानदार म्हणतो, ‘साहेब, फिफ्टी तर लावलीय!’ बाजूच्या काचेवर नियमात राहायचे तर फिल्म किमान 67 टक्क्यांची हवी. पुढच्या काचेसाठी ती 93 टक्क्यांहून अधिक पारदर्शक असायला हवी. याचा साधा अर्थ असा की पुढच्या काचेला काहीही लावू नये. अतिनील किरण ती आधीच अडवते आहे.

हे टक्के कुणी उगाच ठरवलेले नाहीत. रात्रीचा विचार करा. आपल्या शहरांबाहेरच्या रस्त्यांवर दिवे नसतात. कडेने गडद कपड्यांतली माणसे चालतात, मागे दिवा नसलेली सायकल असते, उसाची ट्रॉली उभी असते. समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर पडून गेल्यानंतरच्या काही क्षणांत हे सगळे दिसायला हवे असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. माणूस एक सेकंद उशिरा दिसला तर तेवढे अंतर हातचे गेले. वळताना, गल्लीतून बाहेर पडताना आपण पुढच्या नव्हे तर बाजूच्या काचेतून पाहतो. आरसेही तिच्यातूनच दिसतात. त्यामुळे ‘पुढची मोकळी आहे ना, मग झाले’ हा युक्तिवाद टिकत नाही.

वय वाढते तसा प्रश्न बिकट होतो. बाहुली लहान होते, डोळ्यातले भिंग पिवळट पडते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर आणखी कमी. मुलगा हौसेने गाडीला गडद फिल्म लावतो आणि संध्याकाळी तीच गाडी वडील चालवतात. ‘हल्ली रात्री नीट दिसत नाही’ अशी त्यांची तक्रार असेल तर डोळे तपासून घ्यावेतच, पण काचही तपासावी.

उजेडाने डोळ्यांना त्रास होतो म्हणून काळी काच हवी, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर गॉगल हे आहे. गॉगल बोगद्यात शिरताना काढता येतो, सूर्य मावळल्यावर खिशात जातो. फिल्म मध्यरात्रीही काचेवरच असते. गॉगल घेताना एवढेच लक्षात ठेवावे की उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या चष्म्याच्या काचा गाडीत फारशा काळ्या होत नाहीत. त्यांना काळे व्हायला अतिनील किरण लागतात आणि तेच पुढची काच अडवते. चष्मा बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

काहींची गरज खरी असते. ल्युपससारखा आजार असलेले, डॉक्सिसायक्लिन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी उन्हाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणारे, त्वचेच्या कर्करोगातून बरे झालेले. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना विचारून पारदर्शक अतिनीलरोधक फिल्मचा विचार करावा. रोज चार-पाच तास गाडी चालवणाऱ्यानेही उजव्या हाताला पूर्ण बाहीचा सुती सदरा आणि चेहऱ्याला सनस्क्रीन, एवढे तरी करावे. काच खाली करून चालवत असाल तर मात्र कितीही महागडी फिल्म असली तरी ती दाराच्या पोटात गेलेली असते.

उभ्या गाडीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे फिल्मवर ठेवलेला विश्वास जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जो 2005 साली ‘पीडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला, उन्हात उभ्या गाडीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढले. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवून विशेष फरक पडला नाही. बाहेर हवा सुखद होती त्या दिवसांतही हेच घडले. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. खेळता खेळता मुले उभ्या गाडीत अडकल्याच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात येत राहतात. अशा वेळी काच काळी असेल तर जवळून जाणाऱ्यालाही आतले मूल दिसत नाही. ‘फिल्म लावली आहे, पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला किंवा कुत्र्याला आत ठेवू नये. घराजवळ उभी असली तरी गाडीला कुलूप हवे आणि किल्ली मुलांच्या हाताला लागू नये.

गाडी गार ठेवायची तर स्वस्त उपाय पुष्कळ आहेत. उभी असताना पुढच्या काचेला आतून चकचकीत पत्र्यासारखा सनशेड लावा, निघताना काढा. सावली शोधा. बसण्याआधी समोरासमोरची दारे मिनिटभर उघडी ठेवा. एसी लावल्यावर सुरुवातीला काचा खाली करून तापलेली हवा बाहेर जाऊ द्या आणि मग आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबा.

आणि तरीही फिल्म लावायचीच असेल, तर दुकानात दुपारी जाऊ नका. दुपारी सगळ्याच फिल्म्समधून छान दिसते. दिवस मावळल्यावर जा, नमुना बाजूच्या काचेवर धरायला सांगा, चालकाच्या जागेवर बसा आणि आरशातून मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसतो का ते पाहा.