डाळिंबाच्या रसावर चालणारा सौर घट

सौर घट प्रकाशापासून थेट वीज तयार करतो. त्यात फिरणारे चाक नाही, जळणारे इंधन नाही, उकळणारे पाणी नाही. म्हणून आत काय चालते ते डोळ्यांना दिसत नाही आणि घट समजणे अवघड जाते. सिलिकॉनच्या १ चौरस सेंटिमीटर घटापासून जवळपास ३० मिलिअँपिअर विद्युतधारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळते, असे महाराष्ट्रातील दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दिले आहे. हे वाक्य मिनिटभरात पाठ होते. ते पडताळायला मल्टिमीटर, ऊन आणि तासभर वेळ लागतो, पण त्या तासात कळते ते पाठांतराने कळत नाही.

पदवीच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रयोग म्हणजे घटाचा धारा-विभवांतर आलेख. दिव्याखाली ठेवलेल्या घटाला बदलता रोध जोडतात आणि एकेका रोधाला दोन्ही मीटरांवरचे आकडे टिपतात. दोन्ही टोके तारेने थेट जोडली की धारा सर्वांत जास्त, पण विभवांतर शून्य. टोके मोकळी सोडली की विभवांतर ०.६ व्होल्टच्या आसपास, पण धारा शून्य. शक्ती म्हणजे दोहोंचा गुणाकार, तेव्हा आलेखाच्या दोन्ही टोकांना घट काहीच काम करत नाही. उपयोगाची वीज मिळते ती आलेख जिथे गुडघ्यासारखा वाकतो तिथे. तो बिंदू विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा असतो.

याच मांडणीत अर्धा घट काळ्या कागदाने झाकून पाहावा. धारा निम्मी होते, विभवांतर मात्र जेमतेम हलते. धारा घटाच्या क्षेत्रफळावर आणि त्यावर पडणाऱ्या प्रकाशावर ठरते, तर विभवांतर मुख्यतः ज्या पदार्थाचा घट बनला त्यावर. १२ व्होल्टची बॅटरी भरायला ३६ घट एकापुढे एक का जोडतात, याचे उत्तर या कागदाच्या तुकड्यात आहे.

सोलापुरात या प्रयोगाला आणखी एक बाजू येते. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि गच्चीवरचे पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापू शकते. पॅनेलवर छापलेली क्षमता मात्र २५ अंशांना मोजलेली असते. सिलिकॉनचा एक घट दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट गमावतो. ३६ घट आणि ४० अंशांचा फरक धरला, तर जवळजवळ २.९ व्होल्ट गेले. शक्ती अंशामागे साधारण ०.४ टक्के घटते, म्हणजे एकूण १६ टक्के. ऊन कडक तेवढी वीज जास्त, हा समज पुरता खरा नाही. छोट्या पॅनेलच्या पाठीला ओले फडके लावले की मल्टिमीटरचा आकडा समोर वर चढू लागतो, आणि विद्यार्थी ही गोष्ट पुन्हा विसरत नाही.

मोजण्यापेक्षा घट स्वतः बनवणे अधिक शिकवते. सिलिकॉनचा घट महाविद्यालयात बनवता येत नाही. त्याला अतिशुद्ध सिलिकॉन आणि ८०० अंशांहून अधिक तापणाऱ्या भट्ट्या लागतात. मात्र १९९१ साली ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान इथे रंगद्रव्यावर चालणारा घट सादर केला, त्याची कार्यक्षमता सात टक्क्यांच्या वर होती. त्याची साधी आवृत्ती फळाच्या रसावर चालते. सोलापुरात ते फळ शोधत फिरावे लागत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहरालगत केगावला आहे. ‘भगवा’ वाणाचे गडद लाल दाणे या कामाला उत्तम.

भिंतीच्या रंगात असते ती टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड सौम्य ॲसेटिक आम्लात खलून मलम करतात. वीजवाहक काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून काचेच्या कांडीने ते पातळ पसरतात. पट्टीची जाडी हीच थराची जाडी. मग सुमारे ४५० अंशांना अर्धा तास भाजतात. थंड झालेली काच डाळिंबाच्या रसात बुडवली की पांढरा थर जांभळट होतो. दुसऱ्या काचेवर मेणबत्तीची काजळी धरतात, दोन्ही काचा चिमट्यांनी आवळतात आणि मधे आयोडीन-आयोडाइडच्या द्रावणाचे एक-दोन थेंब सोडतात. उन्हात धरला की घट साधारण ०.४ व्होल्ट दाखवतो.

यातला रसात बुडवण्याचा टप्पा सोलापूरच्या रंगाऱ्याला ओळखीचा वाटेल. रंग सुतावर नुसता बसून चालत नाही, सुताला धरावा लागतो. डाळिंबाची सालही पूर्वापार सूत रंगवायला वापरतात. रसातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याच्या काही रेणूंवर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. ते चिमट्यासारखे टायटॅनियमला पकडतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा रसही लालच, पण तिच्या मुख्य रंगद्रव्यात ही जोडी नाही, म्हणून तिचा घट फारच दुबळा निघतो. प्रकाश पडला की रंगद्रव्य इलेक्ट्रॉन सोडते, पांढरा थर तो काचेपर्यंत नेतो, तारेतून तो दुसऱ्या काचेवर येतो आणि आयोडीन त्याला रंगद्रव्याकडे परत पोचवते. सिलिकॉन प्रकाश पकडणे आणि वीज वाहून नेणे ही दोन्ही कामे एकटेच करते. इथे ती वाटून दिलेली असल्याने वेगवेगळी पाहता येतात. शिकण्याच्या दृष्टीने हा दुबळा घट म्हणूनच अधिक मोलाचा आहे.

दुबळा तो नक्कीच आहे. बाजारातल्या सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता आज २० टक्क्यांच्या वर गेली आहे, रसाच्या घटाची बहुधा एक टक्काही भरत नाही. थर जाड झाला तर त्याला तडे जातात, कमी भाजला तर रसातच सुटून येतो. नीट जमलेला घटही काही दिवसांत मरतो, आणि तो कशाने मेला ते शोधणे हा प्रयोगाचा शेवटचा भाग. आयोडीनचा नवा थेंब सोडल्यावर विभवांतर परत आले, तर आतले द्रावण आटले होते. नाही आले आणि थरही फिकट पडलेला दिसला, तर उन्हाने रंग खाल्ला.