आधी वजाबाकी, मग ‘मी टाइम’!

स्पा, वीकएंड गेटअवे, सोलो ट्रिप... ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सांगणारे खूप जण भेटतात. तो वेळ काढायचा कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. घर, नोकरी आणि मूल असा ट्रिपल रोल करणाऱ्या आयांसाठी काही साधे आणि खरंच जमतील असे फंडे.

डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, केसांना टॉवेल, शेजारी सुगंधी मेणबत्ती आणि चेहऱ्यावर जगातलं कुठलंही टेन्शन नसल्याचं हसू... ‘मी टाइम’ म्हटलं की फोटो हाच! आता हा फोटो जरा आपल्या वन बीएचकेत आणून बघा. काकडी डब्याच्या सँडविचमध्ये गेलीय, टॉवेल मुलाच्या दप्तराखाली दबलाय आणि बाथरूमच्या दारावर बाहेरून थापा पडताहेत, ‘आईऽऽ, झालं का तुझं?’

या लेखाच्या निमित्ताने मी ओळखीतल्या सात-आठ नोकरदार आयांना एकच प्रश्न विचारला, ‘स्वतःसाठी तू काय करतेस?’ एक जण नुसतीच हसली. ठाण्याला राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक जण म्हणाली, ‘ऑफिसात पोचल्यावरचा पहिला चहा कोणी हाक न मारता पिते. तोच माझा स्पा.’ हिंजवडीत आयटीत असलेली तिसरी मात्र भडकलीच. ‘योगा कर, डायरी लिही, आठ ग्लास पाणी पी... अगं, हीसुद्धा कामंच झाली ना? आणखी एक काम सांगू नकोस!’

मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आधीच ओसंडून वाहणाऱ्या दिवसात अजून एक गोष्ट कोंबायची, तिला ‘सेल्फ केअर’ म्हणायचं आणि ती जमली नाही की पुन्हा आपणच गिल्टी व्हायचं! म्हणूनच या लेखाचा फंडा सोप्पा आहे. बेरीज नंतर, आधी वजाबाकी.

घड्याळ काय म्हणतं?

‘सगळेच बिझी असतात गं,’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडला. त्याला ‘टाइम यूज सर्व्हे’ म्हणतात. २०२४ च्या आकड्यांनुसार स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशा बिनपगारी घरकामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून जास्त आणि दुसरीकडे जेमतेम दीड तास. त्यात एक गोम आहे. ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये अशा पुरुषांचं प्रमाण २६.१ टक्के होतं आणि बायकांचं ८१.२ टक्के. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ तर यात धरलेलाच नाही, तो वेगळा मोजतात.

तेव्हा वेळ मिळत नाही याचा अर्थ तुमचं टाइम मॅनेजमेंट कच्चं आहे असा मुळीच नाही. हिशेबच एका बाजूला झुकलेला आहे. तो थोडा सरळ केल्याशिवाय कितीही फेसपॅक लावा, चेहऱ्यावरचा थकवा जायचा नाही.

बिनखात्याचे मंत्री

‘आमचे हे खूप मदत करतात,’ असं बऱ्याच जणी कौतुकाने सांगतात. पण ‘मदत’ या शब्दातच घोळ आहे. दूध संपलंय हे बघायचं तिने, आणायला सांगायचं तिने, कुठलं आणायचं हेही तिनेच सांगायचं... आणि ‘हे’ फक्त पिशवी घेऊन जाणार! शाळेत उद्या चार्ट पेपर हवाय, लसीची तारीख जवळ आलीय, गॅस नोंदवायचाय ही सगळी यादी चोवीस तास आईच्या डोक्यात चालू. हात एक वेळ मोकळे होतात, डोकं होत नाही.

यावर पुण्यातल्या एका जोडप्याने मस्त आयडिया काढलीय. त्यांनी घराचं चक्क खातेवाटप केलंय. दूध आणि किराणा हे त्याचं खातं. काय संपलं, कधी आणायचं, पैसे किती दिले हे सगळं त्यानेच बघायचं. डॉक्टर आणि लसीकरण हेही त्याच्याकडे. शाळा तिच्याकडे. ‘पूर्वी तो बिनखात्याचा मंत्री होता,’ ती हसत म्हणाली. ‘पहिल्या महिन्यात दोनदा दूध संपलं. मी गप्प बसले, आम्ही कोरा चहा प्यायलो. तिसऱ्या वेळेला आपोआप दूध आलं!’

यातला कोरा चहा महत्त्वाचा! खातं दिल्यावर त्यात नाक खुपसायचं नाही. त्याने घडी घातलेले कपडे आपल्यासारखे नसतील. नसू देत!

आणि ज्यांच्या घरी खातं द्यायला दुसरं कोणी नाही त्यांचं काय? एकटीने मूल वाढवणाऱ्या आया आहेत, नवरा बोटीवर किंवा दुसऱ्या शहरात असलेल्या आहेत. तिथे वजाबाकी कामातूनच करायची. रात्री वरण-भात आणि लोणचं, एवढ्यावर जेवण झालं तर कोणाचं काही बिघडत नाही. आठवड्यातून दोनदा पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या म्हणून आईपण कमी होत नाही. चादरींना इस्त्री नकोच. शेजारच्या आईशी पाळणाघरातून मुलं आणण्याच्या पाळ्या लावता येतात, एक दिवस तिने, एक दिवस तुम्ही.

सव्वा महिन्यानंतर काय?

आपल्याकडे आईची काळजी घ्यायची पद्धत नाही असं नाही. बाळंतपणात तेलाचं मालिश, शेक, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, ‘तू फक्त झोप’ असा आग्रह... सगळं असतं. पण ते सव्वा महिनाच! नंतर मूल दहा वर्षांचं झालं तरी आईला कोणी ‘तू जेवलीस का?’ असं विचारत नाही. आणि ती स्वतःही स्वतःला विचारत नाही.

माझ्या ताईचंच उदाहरण घ्या. लेक चार वर्षांची, नोकरी फोर्टला, घर डोंबिवलीला. वर्षभर तिचं एकच पालुपद, ‘दमायला होतंय गं.’ स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागायचं, केस मूठमूठ गळायचे. सगळ्यांनी, तिनेसुद्धा, ते धावपळीवर ढकललं. ‘दोघी-दोघींची कामं करतेस, दमणारच,’ असं सासूबाईही कौतुकानेच म्हणायच्या. शेवटी जिजूंनी जबरदस्तीने रक्त तपासून घेतलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ! गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान बारा असावं लागतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, जास्तीच्या रक्तस्रावासाठी तपासण्या केल्या आणि काही महिन्यांनी ताई तोच पूल एका दमात चढायला लागली. वर्षभर जिला सगळे ‘स्ट्रेस’ म्हणत होते, ती साधी रक्ताची कमतरता होती.

ताई एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांना अॅनिमिया आढळला. म्हणजे लेडीज डब्यातल्या तिघींच्या सीटवर, नेहमीसारख्या चौघी दाटीवाटीने बसल्या असतील, तर त्यातल्या निदान दोघी! म्हणून स्वतःसाठी एकच गोष्ट करणार असाल, तर फेशियलच्या आधी सीबीसी करून घ्या. साधी रक्ततपासणी आहे, फार खर्चाची नाही.

बाकी उपाय स्वयंपाकघरातच आहेत. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आणि आपण काय करतो? पोह्यांच्या प्लेटबरोबर गरमागरम चहा! चहा-कॉफीमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, ते पाप माझ्याने व्हायचं नाही. जेवण-नाश्ता आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, इतकंच. पोह्यांवर लिंबू मात्र भरपूर पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पालेभाजी, मटकीची उसळ, नाचणी, अळीव आणि खात असाल तर मटण-मासे हे सगळं आपलं नेहमीचंच आहे. फक्त डब्यातला शेवटचा घास स्वतःच्या ताटात वाढायला शिकायचं. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच वेळी नाही.

आणि तिशी ओलांडली असेल तर आणखी एक तपासणी. सरकारच्या कार्यक्रमानुसार ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करून घ्यायची असते. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ती एकदा तरी करून घेतलेल्या देशभरात दोन टक्केही नव्हत्या. मुलाचं लसीकरणाचं कार्ड पाठ असणाऱ्या आयांनी आपलंही एक कार्ड बनवायला काय हरकत आहे?

जिमचं कार्ड नको

जिमचे वर्षाचे पैसे भरून चार वेळा गेलेल्या मैत्रिणी माझ्या ओळखीत ढिगाने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. सात दिवसांत वाटला तर रोजची साधारण बावीस मिनिटं. आणि खुशखबर म्हणजे ती सलग नकोत! सात मिनिटं स्टेशनपर्यंत भरभर चालणं, लिफ्ट सोडून तीन जिने चढणं, रिक्षा एक चौक आधी सोडणं... सगळं धरतात. मुलांबरोबर बिल्डिंगखाली पकडापकडी खेळलात तर उत्तमच.

झोपेचंही वाटप करता येतं. मूल रात्री उठत असेल तर एक रात्र आईची, एक रात्र बाबांची. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं, खोली एकच असेल तर कानात बोळे घालून! आठवड्यातून तीन रात्री सलग झोप मिळाली तरी माणूस माणसात येतो.

आणि लोकलचं काय? पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली. तेव्हापासूनच कशाला, त्याआधीही लेडीज डबा हे मुंबईकर आईचं सगळ्यात स्वस्त क्लब हाउस आहे. तिथे भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, सासूची गाऱ्हाणी होतात. तर रोजच्या दोन प्रवासांपैकी एक तरी फक्त आपला ठेवा. भाजी नको, ऑफिसचे मेल नकोत. गाणी ऐका, डुलकी काढा, नाहीतर खिडकीतून नुसतं बघत बसा.

मन दमतं तेव्हा

काही थकवा मात्र लिंबू-पोह्यांनी जात नाही. सतत रडू येणं, मुलाजवळ जावंसं न वाटणं, झोपायला मिळूनही झोप न लागणं, ‘मी वाईट आई आहे’ हाच विचार घोळत राहणं... हे दोन आठवडे चाललं तर त्याला ‘नाटकं’ म्हणू नका, कोणाला म्हणू देऊही नका. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा खरा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ नंबरवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं.

ऑफिसकडूनही आपला हक्क मागायला लाजू नका. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चारदा बाळाला भेटायची मुभा कायद्यातच आली. एचआरला एक मेल टाकून विचारायला काय जातंय? चौघींनी मिळून टाकला तर अजून बरं.

आणि हो, हे पान वाचणाऱ्या तमाम बाबालोकांनो, तुमच्यासाठी एकच होमवर्क. ‘काही मदत करू का?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी ‘आजपासून हे खातं माझं,’ म्हणा आणि निभावून दाखवा. वाढदिवसाच्या स्पा व्हाउचरपेक्षा हे गिफ्ट कितीतरी जास्त टिकेल!

चौकट : या आठवड्यात एवढंच करा

• सोमवार : घरातलं एक काम कायमचं दुसऱ्याच्या खात्यात टाका किंवा बंदच करा.
• मंगळवार : नाश्ता आणि चहा यांत तासाचं अंतर.
• बुधवार : येताना किंवा जाताना, एक प्रवास फक्त स्वतःचा.
• गुरुवार : रात्री फक्त वरण-भात. भांडी कमी, झोप जास्त.
• शुक्रवार : एका मैत्रिणीला फोन. विषय मुलं सोडून काहीही!
• शनिवार : सीबीसी. जमलं तर मैत्रिणीलाही बरोबर न्या.
• रविवार : दोन तास घराबाहेर, एकटीने. घरून फोन आला तरी ‘बाबांना विचार’ एवढंच उत्तर द्यायचं.