बोट श्रीमंतांची, खिसा आपला

वेस्ट इंडीज म्हटले की आमच्या पिढीच्या माणसाला निळा समुद्र आठवत नाही, वेस्ली हॉल आठवतो. त्या बेटांवर आपले पाऊल कधी पडेल असे स्वप्नातही नव्हते. पण लेक न्यू जर्सीत, जावई हौशी, आणि दोन्ही नातवंडांनी 'आजी-आजोबांना बोटीत बसवायचेच' असा घोशा लावलेला. झाले! आम्ही सहाजण निघालो.

निघालो तेही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपलेली आणि नाताळ यायचा. या दोहोंमधल्या खिंडीत बोटींची भाडी घसरतात. मुलांची शाळा आठ दिवस बुडाली. ती बुडविण्यात आजोबांचा हात होता, हे आधीच कबूल करतो.

बोटीच्या भाड्यात खोली आली, दोन वेळचे जेवण आले, मधले खाणेही आले. तिथे माणूस सुखात असतो. खरा खिसा कापला जातो तो बंदरावर! बोटीवरच सहलींचे एक गुळगुळीत पुस्तक हाती पडते. आमच्या त्या पुस्तकात माणशी साठ-सत्तर डॉलरांखाली काही नव्हते. सहा माणसे, चार बंदरे. गुणाकार करून जावईबापू गप्प झाले. सौ.ने पुस्तक मिटले, पिशवीतून आपली हिशेबाची वही काढली नि म्हणाली, "आपले पाय कुठे गेले?"

आमचा प्रवास पोर्टो रिकोतल्या सान हुआनहून सुरू व्हायचा होता. आम्ही एक दिवस आधीच तेथे पोचलो, आणि वाचकहो, सबंध प्रवासात इतका स्वस्त नि इतका भरगच्च दिवस दुसरा गेला नाही. जुने सान हुआन बंदराला लागूनच आहे. निळसर दगडी फरसबंदीचे रस्ते, रंगीत घरे, आणि चढ संपतो तेथे समुद्रात घुसलेला एल मोरो किल्ला. स्पॅनिशांनी तो १५३९ साली बांधायला घेतला. आपल्या सिंधुदुर्गाचा पाया १६६४चा, म्हणजे हा सव्वाशे वर्षांनी वडील! १५९५ साली खुद्द फ्रान्सिस ड्रेक आरमार घेऊन आला होता, त्याला या गावाने हात हलवीत परत पाठविले. तिकीट माणशी दहा डॉलर. त्यातच जवळचा सान क्रिस्तोबाल हा दुसरा किल्लाही पाहता येतो. सोळा वर्षांखालच्या पोरांना पैसे नाहीत. म्हणजे आम्हा सहाजणांना चाळीस डॉलरांत दोन किल्ले पडले. पण मुलांचे लक्ष तटबंदीत कुठले? किल्ल्यासमोर हिरवेगार विस्तीर्ण पटांगण आहे, त्यावर समुद्राचा वारा भणाणत असतो, आणि अवघे गाव तेथे पतंग उडवीत असते! पतंगाला तेथे 'चिरिंगा' म्हणतात. पटांगणावर यायला पैसे लागत नाहीत. एक पतंग विकत घेतला आणि पन्नास वर्षांनी मी ढील दिली. नातवाने आजोबांकडे प्रथमच आदराने पाहिले. मांजा मात्र नाही, काटाकाटी नाही. तेवढे एक उणे.

खाली उतरताना गाडीवाला दिसला. बर्फाची लादी किसून कागदी द्रोणात भरायची नि वर रंगीत पाक ओतायचा. "अगंबाई, गोळा!" सौ. ओरडली. तेथे त्याला 'पिरागुआ' म्हणतात आणि त्यात चिंचेचाही पाक असतो. एरवी पुण्यात गोळ्याच्या गाडीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बाईने दोन खाल्ले.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. भारतीय पासपोर्टावर जाणाऱ्याने अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे आधी पाहावे. बोट परक्या बेटांना शिवून अमेरिकेच्या हद्दीत परतते, तो पुन्हा प्रवेशच असतो. प्रत्येक बेटाचे नियम निराळे, तेही विचारून घ्यावेत. बोटीवरची फळे नि पाव-बीव पिशवीत घालून खाली नेता येत नाहीत. आमची सीलबंद चिक्की मात्र सगळीकडे सुखरूप फिरली.

मधल्या दोन बंदरांविषयी लिहीत नाही. तेथे आम्ही नुसते हिंडलो नि दमलो. सेंट मार्टिनविषयी लिहिलेच पाहिजे.

एवढेसे बेट, आणि १६४८ सालापासून अर्धे फ्रेंचांचे, अर्धे डचांचे. मध्ये ना फाटक ना शिपाई. बोट लागते ती डच बाजूच्या फिलिप्सबर्गला. धक्क्यापासून वीस मिनिटे चालले की ग्रेट बेचा किनारा. पाणी असे की कमरेइतक्या पाण्यात पायाची नखे दिसावीत. दोन खुर्च्या नि एका छत्रीचे वीस डॉलर सांगितले; आम्ही सोलापुरी चादर अंथरली. वाळू फुकट, समुद्र फुकट, सावली नारळाची.

मागे फ्रंट स्ट्रीटवर जवाहिऱ्यांची रांग आहे, आणि दुकानदारांत सिंधी पुष्कळ. "या, या, बसा की!" एका दारातून अस्सल मराठी आली तेव्हा मी दचकलोच. गृहस्थ उल्हासनगरात वाढलेले! आमच्याकडून हिरे खपायचे नाहीत हे त्यांनी एका नजरेत ओळखले आणि तरीही थंड पाणी पाजून मोलाचा सल्ला दिला. "टॅक्सी कशाला? मागच्या बॅक स्ट्रीटवर छोट्या बसा मिळतात. नंबरपट्टीवर 'बस' लिहिलेले असते, काचेवर गावाचे नाव. दोन डॉलरांत माहोला जा, विमाने बघा."

गेलो. माहोचा किनारा विमानतळाच्या धावपट्टीला अगदी चिकटून. विमान उतरते ते डोक्यावरून, इतके खाली की हात वर करावासा वाटतो. नातू आनंदाने वेडा झाला. उडणाऱ्या विमानाच्या झोताजवळ, कुंपणाशी, मात्र उभे राहू नये. २०१७ साली त्या झोताने एका बाईचा जीव गेला आहे. आम्ही लांब वाळूत बसलो. आणखी एक विमान, आणखी एक, असे करता करता मी मनगटाकडे पाहिले. अडीच. बोटीवर परतायचे साडेचारला. भरपूर वेळ!

हे घड्याळ एचएमटीचे, पहिल्या पगारातून घेतलेले, रोज सकाळी मी स्वतः किल्ली देतो. ते न्यू जर्सीच्या वेळेवर होते. आणि हिवाळ्यात ही बेटे न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतात. खोलीतल्या दूरदर्शनवर बोटीची वेळ दिसे, म्हणून माझे कुठे अडले नव्हते. फोन दोन्ही खोलीत, कारण परदेशात ते पैसे खातात. हा काटकसरीचा सल्ला माझाच.

बसमध्ये चढल्यावर नातीने चालकापुढचे घड्याळ वाचले. "आजोबा, पावणेचार वाजलेत."

माझ्या पोटात गोळा आला, आणि हा चिंचेचा नव्हता. त्यातच सिम्पसन बेचा पूल आला. खाडीतली शिडाची जहाजे आत-बाहेर सोडायला तो उचलतात. तो उचललेला होता! पुढे मोटारींची रांग, आणि एकेक पांढरे गलबत सासरी निघाल्यासारखे हळूहळू सरकते आहे. बोटीने स्वतः विकलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. आपल्या मनाने गेलेल्याला थांबत नाही. पासपोर्ट खोलीत, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या खोलीत, आणि पुढच्या बंदरापर्यंत सहा विमानतिकिटे! चार दिवस वाचविलेले सारे एका दुपारी जाणार होते. जावईबापू एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

पूल मिटला. बॅक स्ट्रीटवर बाकीचे उतरले आणि त्या चालकाने, आम्ही नीट विनवण्याआधीच, गाडी सरळ धक्क्याच्या फाटकाशी नेली. त्याचे दहा डॉलर घेतले. पाच वाजायला दहा मिनिटे कमी असताना आम्ही शिडी चढलो. नातीला उचलून पळताना माझी चप्पल धक्क्यावर राहिली, ती जावयांनी मागे जाऊन आणली. सौ.ने त्या रात्री वहीत लिहिले, 'घड्याळाचा दंड, दहा डॉलर', आणि माझ्या मनगटावरचे एचएमटी काढून स्वतःच्या हाती बांधले.

शेवटचे बंदर बार्बाडोस. तेथे बसचे भाडे साडेतीन स्थानिक डॉलर, म्हणजे अमेरिकेचे पावणेदोन. आम्हाला तेही लागले नाहीत. धक्क्यापासून चालत केन्सिंग्टन ओव्हल! बाहेर सोबर्सचा पुतळा. १९६२ साली याच मैदानावर ग्रिफिथच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टरचे डोके फुटले नि त्यांचे कसोटी खेळणे संपले. १९७१ साली येथेच, डाव कोसळत असताना, मडगावच्या सरदेसाईंनी दीडशे काढल्या, आणि दुसऱ्या डावात गावसकर शतक करून नाबाद राहिला. कप्तान आमचा वाडेकर! मी हे सारे नातवाला सांगत होतो. त्याला त्यातले काही नको होते. त्याला २९ जून २०२४चा तो झेल हवा होता, मिलरचा, सूर्यकुमारने सीमारेषेवर आत-बाहेर नाचत घेतलेला.

फाटकावर एक वयस्क रखवालदार बसला होता. मैदान त्या दिवशी बंद. पोराने गजांतून डोके घालून विचारले, "तो झेल कुठल्या बाजूला?"

म्हाताऱ्याने हात लांब करून दाखविले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही सरदेसाई म्हणत होता ना? मी तेव्हा शाळकरी पोर होतो. झाडावर बसून पाहिला."

मग आम्ही दोघे त्या फाटकाशी बोलतच बसलो. मुले कार्लाइल बेच्या पाण्यात डुंबायला गेली, लेक-जावई त्यांच्यामागे. सौ. तेवढी थांबली. दर पंधरा मिनिटांनी ती हात उचलून घड्याळ पाही आणि मोठ्याने वेळ सांगे. बार्बाडोसची वेळ.