रन-फ्लॅट की साधे टायर?

रन-फ्लॅट टायरच्या बाजूच्या भिंती जाड, ताठ रबराच्या असतात. हवा पूर्ण गेली तरी त्या गाडीचे वजन पेलतात. साधा टायर अशा वेळी रिमखाली चेपला जातो. पंक्चरनंतर बहुतेक रन-फ्लॅट टायर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर चालतात. रात्री घाटात किंवा द्रुतगती मार्गावर उतरून चाक बदलावे लागत नाही, ही सुरक्षितता खरोखर मोलाची आहे. हवा गेल्याचे चालकाला सहसा जाणवतही नाही, म्हणून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा गाडीत हवीच.

ताठ भिंतींमुळे खड्ड्यांचे धक्के मात्र आत अधिक पोचतात. टायर जड आणि महाग असतो, हवेविना चालवल्यावर बहुधा बदलावाच लागतो आणि लहान गावात तो मिळणे कठीण. साध्या ट्यूबलेस टायरचे पंक्चर मात्र रस्त्याकडेच्या दुकानातही निघते.

खराब रस्त्यांवर, शहरापासून दूर फिरणाऱ्यांना साधे टायर आणि डिकीत स्टेपनी हेच सोयीचे. मूळ रन-फ्लॅट असलेल्या गाडीत बहुधा स्टेपनी नसते. तिथे साधे टायर बसवताना स्टेपनीची किंवा निदान पंक्चर किटची सोय आधी करावी.