कुंपण आणि कोपऱ्यावरची भिंत

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत शेताचें कुंपण कसें असावें तें सांगितलें आहे: त्यावरून उंटास डोकावतां येऊं नये, आणि कुत्र्याचें वा डुकराचें तोंड शिरेल असें भोंक त्यांत राहूं नये. पीक राखणें हा तेथील हेतु.

घराच्या आवारभिंतीस मात्र रस्त्यावरच्या माणसाचाही विचार करावा लागतो. राज्याची २०२० सालची एकत्रित विकास नियमावली मीरा-भाईंदर शहरास, म्हणजे पेणकरपाड्यासही, लागू आहे. तीप्रमाणें समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून भिंत फार तर १.५ मीटर असावी, वरचा ०.९ मीटर भाग उघड्या जाळीचा ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत चालते. रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर मात्र १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच, त्यावर हवे तर तितक्याच उंचीचे गज.

एवढा निर्बंध कां? ०.७५ मीटर म्हणजे सुमारें अडीच फूट. त्यावरून पांच वर्षांच्या मुलाचें डोकें गाडीवाल्यास दिसतें, व मुलासही गाडी दिसते. चोराच्या भयानें वा शेजाऱ्याशीं बेबनाव होऊन भिंत चढविण्याचा मोह पुष्कळांस होतो. सुज्ञ गृहस्थानें तो निदान कोपऱ्यावर तरी आवरावा. त्या वळणावरून घरचींच मुलें रोज शाळेस जातात.